लताच्या पिशवीतली मेथी

ही गोष्ट १९९४ सालची. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांवर तेव्हा केबलच्या काळ्या तारा नुकत्याच लोंबायला लागल्या होत्या आणि ज्याच्या त्याच्या तोंडी नोएडा होतं. कोणी कुठल्या सेक्टरात फ्लॅट बुक केला, कोणाच्या सोसायटीचा पाया भरला, तिथे पाणी खारं येतं की गोडं, यापलीकडे बोलणंच नव्हतं. वर्षानुवर्षं एका जिन्यावर राहिलेली माणसं आता यमुनेपलीकडे कोण कोणाच्या जवळ राहणार याचे हिशेब करत होती.

कुमुदिनीच्या यजमानांनी, म्हणजे अशोकरावांनी, नोएडात फ्लॅट घेतलाच होता, फक्त ताबा मिळायचा होता. समोरच्या दारात प्रभा राहायची. प्रभाचे यजमान भालचंद्रराव रामकृष्णपुरमच्या एका सरकारी कचेरीत अधिकारी होते. स्कूटरवरून वेळेवर जाणारे, वेळेवर येणारे, कमी बोलणारे. त्यांची मुलगी देविका बँकेत होती. कुमुदिनी आणि प्रभा या क्वार्टरात एकाच सुमाराला आल्या होत्या. एकीच्या घरचं विरजण दुसरीकडे जायचं, रजया एकाच गच्चीवर वाळत पडायच्या, आणि दिल्लीच्या थंडीत दोघी पाठीला ऊन घेत मटार सोलत बसायच्या. तरी प्रभा मनातलं सांगणारी नव्हती आणि कुमुदिनी विचारणारी नव्हती. कुमुदिनी बघणारी होती.

ती गोष्टी लिहायची. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी तिची एक गोष्ट यायची. अंकाचं संपादन जयंतराव करायचे. ते सरकारी अनुवादक होते. दिवसभर कायद्यांचं मराठी करून वैतागलेला हा माणूस संध्याकाळी इतरांचं मराठी सोलून काढायचा. त्या वर्षी त्यांनी कुमुदिनीची गोष्ट परत आणून दिली.

"कुमुदिनीबाई, ही तुमची लता अबोल आहे, सोशिक आहे आणि मनातून फार एकटी आहे. बरोबर?"

"हो. तेच तर लिहिलंय."

"लिहिलंय ना. म्हणून मला पटत नाही. तुम्ही सांगता म्हणून मी का मानू? उद्या कोणी येऊन म्हणालं, जयंतराव फार प्रेमळ गृहस्थ आहेत, तर तुम्ही मानाल?"

"बिलकुल नाही," आतून चहा आणणारे अशोकराव म्हणाले.

"बघा. कारण त्यांनी मला बघितलंय. मला लता बघू द्या. तिच्या हातात काहीतरी द्या. ती काय उचलते, काय लपवते, जिना कसा चढते, एवढं सांगा आणि बाजूला व्हा. एकटी आहे की नाही ते माझं मी ठरवीन."

कुमुदिनीला राग आला. पण ते गेल्यावर ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली आणि तिला खाली जिन्याच्या तोंडाशी प्रभा दिसली.

प्रभाची एक गंमत गेल्या काही आठवड्यांत कुमुदिनीच्या लक्षात आली होती. सकाळी भाजीची गाडी आली की प्रभा मेथी, कोथिंबीर, वांगी, जे काय ते घ्यायची. मग एक दिवसाआड, भालचंद्रराव आणि देविका कचेरीला गेले की काही वेळाने ती कापडी पिशवी घेऊन निघायची. कोणी विचारलंच तर म्हणायची, "जरा बाजारात जाऊन येते." चारच्या सुमाराला परतायची आणि पिशवीत तीच सकाळची मेथी असायची, माना टाकलेली. एकदा जिन्यात पिशवी धरायला कुमुदिनी पुढे झाली, तर प्रभाने ती दुसऱ्या हातात घेतली आणि हसून म्हणाली, "अगं, हलकी आहे." आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीतून भालचंद्ररावांचा आवाज यायचा, "एवढं बाजारात जाऊन ही शिळी मेथी आणतेस?"

कुमुदिनीच्या मनाने अर्थ लावून टाकला होता. घर खायला उठतं, म्हणून बाई उगाच बाजारात हिंडून येते, आणि रिकाम्या हाताने हिंडायची लाज वाटते म्हणून पिशवी घेते. तिला वाईट वाटायचं. वाईट वाटत असतानाच हे आपल्याला वापरता येईल असंही वाटायचं. त्या रात्री तिने लताच्या हातात पिशवी दिली. सगळी विशेषणं खोडली. लता दारावरच्या गाडीवर मेथी घेते, ती पिशवीत घालून बाहेर पडते, चार वाजता तीच मेथी घेऊन जिना चढते, आणि नवरा म्हणतो, "एवढं बाजारात जाऊन ही शिळी मेथी आणतेस?" मधल्या वेळात ती कुठे जाते, ते गोष्टीत नव्हतं. कुमुदिनीला ठाऊकच नव्हतं.

जयंतरावांनी वाचून चष्मा काढला. "आता आली बाई समोर," ते म्हणाले. "वाचणारा दार उघडून तिच्या हातातली पिशवी घ्यायला जाईल."

प्रभा ओळखेल का, हा विचार कुमुदिनीच्या मनात आला नाही असं नाही. पण प्रभा अंक वाचत नसे. पाककृतींची पानं तेवढी बघायची. आणि भालचंद्रराव? सरकारी फायलींखेरीज त्यांनी काही वाचलेलं कुमुदिनीने बघितलं नव्हतं.

अंक दिवाळीच्या आधी दोन आठवडे आला. मंडळातल्या बायकांनी गोष्टीचं कौतुक केलं, फोन आले. भालचंद्ररावांनी एका रविवारी देविकाच्या खोलीतून तो अंक उचलला आणि उन्हात खुर्ची टाकून पहिल्या पानापासून वाचला. सोमवारी ते कचेरीत गेले नाहीत. मंगळवारीही नाही. जिन्यात भेटले तेव्हा कुमुदिनीने विचारलं, "बरं नाही का, भालचंद्रराव?"

"बरा आहे, वहिनी. रजा साठली होती. आता रोज हिच्याबरोबर बाजारात जातो."

आणि खरंच ते दोघं रोज दुपारी निघायचे. पिशवी त्यांच्या हातात असायची. अर्ध्या तासात परत यायचे आणि भाजी ताजी असायची. प्रभा त्यांच्या मागून एक एक पायरी चढायची आणि कुमुदिनीच्या दाराकडे बघायची नाही. कुमुदिनी म्हणाली, काहीतरी बिनसलंय. अशोकराव म्हणाले, "काय बिनसलंय? नवरा बायकोबरोबर भाजी आणायला जातो. मी गेलो की तुला आनंद होतो."

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी प्रभा फराळ घेऊन आली. फराळाची देवाणघेवाण कोणी अडवत नाही. भालचंद्रराव दारात उभे होते, अशोकरावांशी नोएडाच्या पाण्याबद्दल बोलत. प्रभा ताट घेऊन थेट स्वयंपाकघरात आली. ताटावरचा रुमाल काढला तर खाली दोन डबे होते.

"हा वरचा तुझा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "खालचा श्यामचा."

श्याम म्हणजे प्रभाचा धाकटा भाऊ. त्याला कुमुदिनीने पूर्वी बघितलं होतं. नोएडाच्या एका कारखान्यात रंगीत टीव्हीच्या पेट्या बनायच्या, तिथे तो कामाला होता. देविकाच्या साखरपुड्याला तो पिऊन आला आणि मुलाच्या वडिलांना भर मांडवात नको ते बोलला. ते लग्न मोडलं. त्यानंतर भालचंद्ररावांनी प्रभाला देविकाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती की श्यामचं तोंड बघणार नाही. हे सगळ्या जिन्याला माहीत होतं.

"मांडीचं हाड मोडलंय गं त्याचं. ट्रकने उडवलं. हिंदूराव हॉस्पिटलात आहे, पाय टांगून ठेवलाय वजन लावून. त्याला कोण आहे? मी एक दिवसाआड जात होते. दोन बसा बदलून. खाली डबा, वर भाजी." प्रभा किंचित हसली. "नाव तेवढं आपल्या माणसाचं त्या हॉस्पिटलला. बाकी मराठी बोलायला मी एकटीच."

कुमुदिनीच्या हातातला डबा ओट्यावर टेकला.

"यांनी वाचलं तुझं. मग मला समोर बसवून विचारलं, बाजारात जात नव्हतीस तर कुठे जात होतीस? मला खोटं बोलता येईना. ओरडले नाहीत. म्हणाले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होतास."

"प्रभा, मला माहीत नव्हतं गं."

"तुला कसं माहीत असणार? मी कुणालाच सांगितलं नव्हतं." तिने कुमुदिनीचा हात धरला. "तुझ्यावर राग नाही माझा. फक्त एवढं कर. उद्या भाऊबीज आहे. मी इतके दिवस गेले नाही, तो काय समजला असेल. उद्या तर दाराकडेच बघत बसेल. तू जा, हा डबा दे आणि सांग, ताईला येता येत नाही, तिने तुला टाकलेलं नाही. हाडांच्या वॉर्डात खिडकीजवळचा पलंग. जाशील?"

"जाईन. उद्याच जाते."

हे तिने मनापासून म्हटलं होतं.

भाऊबीजेला सकाळी जयंतरावांचा फोन आला. पुण्याच्या एका मासिकाच्या संपादिका, कल्पनाताई, मुलाकडे दिल्लीला आल्या होत्या. त्यांनी अंक चाळला होता आणि त्यांना लताची गोष्ट लेखिकेच्या तोंडून ऐकायची होती. दुपारी तीनला, मंडळाच्या हॉलमध्ये. रात्रीच्या गाडीने त्या परत जाणार होत्या.

कुमुदिनीने घड्याळाकडे बघितलं आणि मग कोपऱ्यातल्या डब्याकडे. सकाळी जाऊन दुपारपर्यंत परतता आलं असतं का? पण वॉर्डात दुपारीच सोडतात, असं प्रभाच मागे कधीतरी कुणाच्या आजारपणात म्हणाली होती. आणि साडी इस्त्रीची होती, गोष्ट एकदा मोठ्याने वाचून बघायची होती. उद्या गेलं तर काय होतं? डबा तर उद्याही तोच असेल. तिने स्वतःला असं समजावलं आणि ते तिला लगेच पटलं, हे पुढे तिला कितीतरी वर्षं आठवत राहिलं.

हॉल भरला होता. तिने वाचलं. नवऱ्याच्या त्या वाक्याला लोक हसले आणि मग गप्प झाले, अगदी जसं व्हायला हवं तसं. कल्पनाताई उठून म्हणाल्या, "यात एकही विशेषण नाही. ही बाई दुःखी आहे असं लेखिका एकदाही म्हणत नाही. ती फक्त मेथी दाखवते. माणूस असा दाखवायचा असतो." टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत कोणी कुजबुजलं, अगदी ओळखीची वाटते गं. कुमुदिनीने चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं. कल्पनाताईंनी जाताना आणखी चार गोष्टी मागितल्या. पुस्तकाचं बघू, म्हणाल्या.

त्या वेळी हिंदूरावमध्ये भेटीची वेळ संपत आली असेल.

दुसऱ्या दिवशी अशोकरावांचे भाऊ आले. मग नोएडाच्या फ्लॅटचा ताबा मिळाला आणि तिकडे नळ, विजेची बटणं, खिडक्यांचे गज. मग पुण्याला पाठवायची गोष्ट. रोज सकाळी ती ठरवायची आणि रोज काहीतरी निघायचं. खरं म्हणजे दिवस जसे गेले तसं जाणं अवघडच होत गेलं. उशीर का झाला म्हणून त्याने विचारलं तर काय सांगायचं? डब्यातल्या चकल्या मऊ पडल्या असतील, म्हणून तिने एकदा झाकण उघडलं आणि परत लावलं.

शेवटी एकदा ती गेली. टेकडीवर चढणाऱ्या रस्त्याने, माकडं चुकवत. खिडकीजवळच्या पलंगावर दुसराच कोणी होता. शेजारी एक हरियाणवी म्हातारा पाय टांगून पडला होता. त्याला विचारलं.

"श्याम? वो मराठा? उसको तो प्लास्टर चढा के छुट्टी दे दी, बेटी. फैक्टरी का कोई दोस्त ले गया."

"कुठे, म्हणजे, कहाँ गया?"

"बताया नहीं. बहन आती थी उसकी पहले, फिर आई नहीं. कोई त्योहार था तुम लोगों का, उस दिन सुबह से मुँह धो के, कंघी कर के बैठा रहा. शाम को बोला, ताऊ, कोई पूछने आए तो कहना पता नहीं." म्हाताऱ्याने तिच्याकडे निरखून बघितलं. "तुम बहन हो?"

"नहीं," कुमुदिनी म्हणाली. तिने डबा त्याच्या उशाशी ठेवला. त्याने झाकण उघडून एक लाडू तोंडात टाकला आणि म्हणाला, जीती रहो.

जिन्यात प्रभा आणि भालचंद्रराव समोरून उतरत होते, पिशवी घेऊन. भालचंद्रराव दोन पायऱ्या पुढे होते. प्रभाने डोळ्यांनी विचारलं. कुमुदिनीने मान हलवली. हो, अशी. ती का हलली, ते तिचं तिला कळलं नाही. नाही म्हणण्यासाठी जिन्यात जागा नव्हती, असं तिने मागाहून स्वतःला सांगून बघितलं.

चार दिवसांनी गच्चीवर रजया उलटताना दोघींना थोडा वेळ मिळाला.

"डबा घेतला?" प्रभाने विचारलं.

"घेतला."

"आणि काय म्हणाला?"

इथे खरं सांगता आलं असतं. प्रभाने एकदा माफ केलंच होतं, आणखी एकदा केलं असतं. शिवाय वेळ अजून गेलेली नव्हती. कारखान्यात विचारलं असतं तर दोस्त सापडला असता, खोली सापडली असती. पण मग दुपारी तीन वाजता आपण कुठे होतो, हे सांगावं लागलं असतं. तिथे कोणती गोष्ट वाचत होतो, हेही.

"काही बोलला नाही," कुमुदिनी म्हणाली. प्रभाच्या चेहऱ्यावरून तिला दिसलं की एवढ्याने तिचं समाधान झालेलं नाही, तिला पटलेलंच नाही. आणि मग, ज्या सहजपणे तिने लताला पिशवी दिली होती त्याच सहजपणे, तिने श्यामच्या हातात काहीतरी दिलं. "ऐकून घेतलं सगळं. मग चादर छातीपर्यंत ओढली. तिची कड बोटांनी चुरगाळत बसला. आणि तोंड खिडकीकडे फिरवलं."

खालून मुलांच्या क्रिकेटचा आवाज येत होता.

"तसाच आहे तो," ती म्हणाली. "लहानपणी रुसला की असाच पांघरुणाची कड चुरगाळायचा. आई म्हणायची, फाटेल ती." तिने डोळे पुसले. "म्हणजे कळलंय त्याला. कळूनही नाही विरघळला. जाऊ दे. तू गेलीस, तेवढं तरी झालं. तुझे उपकार आहेत गं माझ्यावर."

कुमुदिनीने रजईचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ती झटकली.

त्यानंतर प्रभाने श्यामचा शोध केला नाही. ज्याने निरोप ऐकून तोंड फिरवलं, त्याच्या मागे किती लागायचं, असं तिला वाटलं असणार. पुढच्या वर्षी भालचंद्ररावांचा राग निवळला होता. देविकाचं दुसरीकडे जमत होतं. ते एकदा जेवताना आपण होऊन म्हणाले, "श्यामला बोलवायचं असेल तर बोलव लग्नाला." प्रभा म्हणाली, "नको. त्याला नकोय." हे तिनेच कुमुदिनीला सांगितलं, दळण निवडता निवडता, जुन्या दुखण्याबद्दल बोलावं तसं. कुमुदिनीच्या तोंडाशी आलं होतं. ताटातला एक खडा तिने उचलला आणि बाजूला टाकला.

नंतर सगळे पांगले. मंडळाचा दिवाळी अंक आणखी काही वर्षं निघाला आणि मग बंद पडला. जयंतराव निवृत्त होऊन नागपूरला भावाकडे गेले आणि तिथेच वारले. शेवटपर्यंत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला लताची गोष्ट वाचायला द्यायचे. देविका लग्न करून पुण्याला गेली, तिला दोन मुलगे आहेत. भालचंद्ररावांनीही नोएडातच फ्लॅट घेतला, कुमुदिनीच्या सेक्टरपासून दोन सेक्टर सोडून. २००५ साली त्यांना अर्धांगवायू झाला आणि ते दीड वर्ष पलंगावर होते. प्रभाने सगळं केलं. ते गेल्यावर ती एकटीच राहिली आणि दर संक्रांतीला रिक्षाने येऊन कुमुदिनीला तिळगूळ देत राहिली. २०१३च्या हिवाळ्यात न्यूमोनियाने ती गेली. श्यामचं नाव तिने शेवटच्या आठवड्यात घेतलं, पण त्याला बोलवा असं म्हणाली नाही.

देविकाने त्याला शोधून काढलं, आई गेल्यावर. तो फरिदाबादला होता. विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करण्याचं छोटं दुकान, बायको, एक मुलगी, लंगडता पाय. दारू कधीच सुटली होती. तेराव्याला तो आला आणि चपलांच्या ढिगाजवळ बसला. जाताना त्याने देविकाला विचारलं, "ताई माझी आठवण काढायची का गं कधी? मी पडलो होतो तेव्हा आली नाही नंतर." देविकाने खरं तेच सांगितलं, की घरी त्याचं नाव निघत नसे. कुमुदिनी तिथेच, हाताच्या अंतरावर, चहाचे पेले गोळा करत होती.

अशोकराव गेले त्याला सहा वर्षं झाली. कुमुदिनी मुलाकडे असते, नवव्या मजल्यावर. कल्पनाताईंनी तिचं पुस्तक काढलं, त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, मग आणखी दोन पुस्तकं झाली. त्या प्रकारानंतर तिला लिहिणं अशक्य झालं असं म्हणता आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. ती लिहीत राहिली, आणि तिची माणसं वाचणाऱ्याला दरवेळी खरी वाटली. श्याम सत्तरीला आलाय, दुकानात अजून बसतो. फरिदाबादला आता मेट्रो जाते. कुमुदिनी तिथे गेलेली नाही.